सुपरहिरोने बाजू घ्यावी का? उघड, आडून, तळ्यात-मळ्यात की गप्प

‘सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये हल्ली फार राजकारण शिरलंय’ अशी तक्रार करणाऱ्याच्या हातात ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक द्यावा. जून १९३८चा हा अंक, सुपरमॅनचं पहिलं दर्शन. त्यात परग्रहावरचे राक्षस नाहीत की जगबुडी नाही. सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोपतो, एका निर्दोष बाईचा मृत्युदंड टाळतो आणि मग थेट वॉशिंग्टन गाठून एका सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाची मानगूट पकडतो. देशाला युरोपातल्या भांडणात ओढणारं विधेयक या दलालाला मंजूर करून घ्यायचं असतं. दोनच अंकांनंतर पाळी येते एका खाणमालकाची. सुपरमॅन त्याला आणि त्याच्या पार्टीतल्या पाहुण्यांना त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवतो आणि स्वतःच्या हातांनी खणायला लावतो.

म्हणजे राजकारण पहिल्या दिवसापासून आहे. मुखवटा घातलेला माणूस कुणाला ठोसा मारतो आणि कुणाला वाचवतो, हे ठरलं की बाजू ठरलीच. उरतो तो ती कशी घ्यायची हा प्रश्न. तुम्ही स्वतःचं कॉमिक लिहायला घेतलं असेल, एखादा ज्वलंत विषय डोक्यात असेल आणि तिथेच घोडं अडलं असेल, तर तुमच्यासमोर चार वाटा आहेत. चारही वाटांवरून लोक जाऊन आलेत. कोण कुठे पोचलं, एवढं शेजारी शेजारी ठेवून पाहू.

उघड बाजू

या वाटेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’चा पहिला अंक. मुखपृष्ठावर मार्च १९४१ छापलं असलं तरी तो डिसेंबर १९४०मध्येच विक्रीला आला होता. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. आज हे चित्र बघून कुणाची भुवईही उंचावणार नाही. पण तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला अजून वर्ष होतं आणि ‘युरोपचं भांडण युरोपनं निस्तरावं’ म्हणणारे अमेरिकेत थोडेथोडके नव्हते. हा नायक घडवणारे जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू. अंक धडाक्यात खपला आणि धमक्याही आल्या. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षणाचा शब्द दिला, असं सायमन यांनी पुढे सांगितलं आहे.

त्याच्या शेजारी ‘ॲक्शन कॉमिक्स’चा मार्च १९४३चा अंक ठेवा. मुखपृष्ठावर सुपरमॅन छपाईयंत्रावर भित्तिपत्रकं काढतोय आणि त्यांवर युद्धरोखे विकत घेऊन ‘जॅप’ला थप्पड मारण्याचं आवाहन आहे. ‘जॅप’ ही जपानी माणसासाठीची शिवी, आणि सोबतचं व्यंगचित्र एका अख्ख्या वंशाची टिंगल करणारं. तेव्हा जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं होतं, आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते.

दोन्ही मुखपृष्ठांनी उघड बाजू घेतली, युद्धही एकच. मग पहिलं अजून ताठ मानेने उभं आहे आणि दुसरं बघताना मान खाली जाते, ती का? मला उत्तर दिसतं ते किमतीत. पहिल्या मुखपृष्ठाची झळ ते काढणाऱ्यांना बसू शकत होती. दुसरं छापताना सरकार, बाजार आणि बहुसंख्य वाचक सगळेच आधीपासून त्याच बाजूला होते. झळ बसणार होती ती ज्यांच्या हातात ना छापखाना ना सत्ता, अशा लोकांना. पुढे मी सगळीकडे हीच कसोटी लावणार आहे: बाजू घेतल्याची किंमत कोण मोजतंय?

कॅप्टन अमेरिकालाही हे चुकलं नाही. १९५३-५४मध्ये त्याला पुन्हा बाहेर काढलं ते कम्युनिस्टांना झोडपायला. जिथेतिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या काळात याहून सोपी बाजू नव्हती. स्वतःच्या नावाचे तीन अंक निघाले आणि दुकान बंद. पुढे १९७२मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांना गोष्टीतच खुलासा करावा लागला, की तो पन्नासच्या दशकातला कॅप्टन खरा नव्हताच, माथं फिरलेला तोतया होता. वाऱ्याबरोबर घेतलेली भूमिका निस्तरायला पुढच्या लेखकाला तोतया आणावा लागतो.

उघड वाटेवर आणखी एक खड्डा आहे आणि तो खास सुपरहिरोंचाच आहे. सामान्य नायक अन्यायाविरुद्ध लढून हरू शकतो, पण ज्याला डोंगर उचलता येतो त्याने खरं युद्ध का थांबवू नये? १९४०मध्ये ‘लुक’ मासिकासाठी सुपरमॅनचे निर्माते सीगल आणि शुस्टर यांनी दोन पानांत हा प्रश्न निकालात काढला: सुपरमॅन हिटलर आणि स्टालिनला उचलून राष्ट्रसंघापुढे उभं करतो. हिटलरच्या एसएस या संघटनेच्या साप्ताहिकाने चिडून सीगल यांच्यावर लेख लिहिला, हे त्या दोन पानांचं यशच. पण अमेरिका खरोखर युद्धात उतरली तेव्हा पंचाईत झाली. रोज माणसं मरताहेत आणि सुपरमॅन घरी कसा? मग वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत क्लार्क केंट सैन्यभरतीला जातो आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास होतो, कारण क्ष-किरण दृष्टीने तो चुकून पलीकडच्या खोलीतला तक्ता वाचतो. युक्ती हुशारीची आहे, पण पळवाट ती पळवाटच.

हा खड्डा चुकवायचा तर ‘ग्रीन लँटर्न’चा ७६वा अंक बघा, एप्रिल १९७०चा. लेखक डेनी ओनील, चित्रकार नील ॲडम्स. एका माणसावर रस्त्यात हल्ला होतो, ग्रीन लँटर्न त्याला वाचवतो, आणि आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवण्याऐवजी डबे फेकून मारतात. तो माणूस भाडेकरूंना हुसकायला निघालेला घरमालक असतो. मग एक म्हातारा कृष्णवर्णीय ग्रीन लँटर्नला विचारतो, की निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तू ग्रहांग्रहांवर राबलास, काळ्या कातडीवाल्यांसाठी काय केलंस? नायकाची मान खाली जाते. इथे ताकद कमी पडत नाही, नजर कमी पडते, म्हणून त्याला शक्ती देणारी ती अंगठी असूनही प्रश्न सुटत नाही. भाषणबाजी भरपूर आहे, संवादांचे काही फुगे आज वाचताना अवघडायला होतं, तरी ही रचना शिकण्यासारखी आहे. बाजाराचंही सांगायला हवं: पुरस्कार मिळाले, वर्तमानपत्रांनी दखल घेतली आणि १९७२मध्ये मालिका बंद पडली.

लेकी बोले सुने लागे

दुसरी वाट रूपकाची. १९६३मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘एक्स-मेन’ सुरू केलं, आणि क्रिस क्लेरमाँट यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढे सोळा-सतरा वर्षं ते लिहून रूपकाला खरी धार लावली. जन्मतःच वेगळी शक्ती असलेले म्युटंट आणि त्यांना घाबरणारा समाज, एवढाच पाया. यात वर्णद्वेष दिसतो, ज्यूविरोध दिसतो, समलिंगी मुलामुलींची घुसमट दिसते. पक्षाचं किंवा नेत्याचं नाव नसल्यामुळे गोष्ट शिळी होत नाही. १९८२च्या ‘गॉड लव्हज, मॅन किल्स’मधला धर्मोपदेशक स्ट्रायकर टीव्हीवरून द्वेष पसरवतो. तो कुणावर बेतला होता हे माहीत नसलेल्या वाचकालाही तो ओळखीचा वाटतो.

उघड वाटेशी तुलना केली तर टिकाऊपणात रूपक सरळ पुढे आहे. १९६३मध्येच आलेला आयर्न मॅन व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांच्या तावडीतून निसटून घडला. पुढे ती जन्मकथा अफगाणिस्तानात हलवावी लागली. म्युटंटांना असं बिऱ्हाड हलवावं लागलं नाही.

पण रूपकाला दोन भोकं आहेत आणि दुसरं फार मोठं आहे. पहिलं लपत नाही: ज्यांच्या डोळ्यांतून इमारती पाडणारे किरण निघतात, त्यांना घाबरणं अगदीच गैर म्हणता येईल का? खऱ्या अल्पसंख्याकांच्या डोळ्यांतून काही निघत नाही. त्यांच्याविषयीची भीती निराधार असते, हाच तर मुद्दा, आणि रूपकात नेमका तोच निसटतो. शिवाय पहिली अनेक वर्षं हे छळले जाणारे म्युटंट होते पाच गोरीगोमटी मुलं.

दुसरं भोक असं, की वाचक सुनेच्या जागी स्वतःला कधीच ठेवत नाही. प्रत्येकाला वाटतं आपण म्युटंट, समोरचा स्ट्रायकर. द्वेष करणाराही हे अंक मिटक्या मारत वाचू शकतो, कारण त्याच्या मते छळ त्याचाच चाललाय. रूपक खूप लोकांपर्यंत पोचतं ते त्यात टोचणारं टोक लपलेलं असतं म्हणून. ग्रीन लँटर्नला विचारलेल्या प्रश्नापासून असं सुटता येत नाही.

तळ्यात-मळ्यात

तिसरी वाट हल्ली प्रकाशकांची लाडकी: एका बाजूला एक नायक, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि निवाडा वाचकाने करावा. २००६-०७चं मार्व्हलचं ‘सिव्हिल वॉर’ हा त्याचा नमुना. सुपरहिरोंनी सरकारदरबारी नोंदणी करावी असा कायदा येतो. आयर्न मॅन बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. जाहिरातीतच वाचकाला विचारलं होतं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? सुरक्षेसाठी स्वातंत्र्य किती सोडायचं ही ९/११नंतरची खरी चर्चा होती आणि विक्रीही जोरात झाली.

वाचताना मात्र समतोल टिकत नाही. आयर्न मॅनची बाजू विरोधकांना खटल्याविना दुसऱ्या मितीतल्या तुरुंगात टाकते, थॉरची नक्कल बनवते आणि ती नक्कल एका नायकाला ठार करते. एवढं केल्यावर वादाचा एक पक्ष उरतोच कुठे? आणि सगळं ठोसाठोशीतच मिटणार असेल तर युक्तिवाद नुसता तोंडी लावण्यापुरता. ही वाट निवडायची तर तुम्हाला न पटणाऱ्या बाजूचे संवाद तुमच्या बाजूपेक्षा चांगले लिहावे लागतील. जमत असेल तरच जा.

गप्प

गप्प राहणं ही कुणाचीच बाजू नव्हे, हा समज १९५४च्या कॉमिक्स कोडने खोटा पाडला. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का, या सिनेटच्या चौकशीनंतर प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या या नियमावलीत लिहिलं होतं, की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. खाणमालकाला खाणीत अडकवणारा आणि सिनेटरच्या मागे लागणारा १९३८चा सुपरमॅन या नियमांत बसला असता का, तुम्हीच ठरवा. १९५६मध्ये तर ईसी प्रकाशनाच्या एका विज्ञानकथेतल्या अंतराळवीराच्या काळ्या रंगालाच कोडच्या कार्यालयाने हरकत घेतली. प्रकाशक अडून बसला म्हणून ती कथा तशीच छापली गेली.

लेखक गप्प बसला की चिन्हाचं काय होतं, ते पनिशरकडे बघून कळतं. १९७४मध्ये आलेलं हे पात्र गुन्हेगारांना सरसकट गोळ्या घालतं. तो बरोबर की चूक, यावर बरेच लेखक मोघम राहिले. पुढे त्याच्या छातीवरचं कवटीचं चिन्ह खऱ्या सैनिकांच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर झळकू लागलं. सहनिर्माते गेरी कॉनवे यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१९च्या एका अंकात खुद्द पनिशर पोलिसांच्या गाडीवरचं ते चित्र फाडतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा म्हणतो. पंचेचाळीस वर्षांनी. तोवर कवटी ज्याला हवी त्याने नेली होती.

मग निवडायचं काय?

पात्र तुमच्या मालकीचं नसेल, कंपनीचं असेल, तर उघड वाट बहुधा बंदच असते. २०१९मध्ये मार्व्हलच्या सुवर्णकाळावरच्या संग्रहासाठी आर्ट स्पीगलमन यांनी प्रस्तावना लिहिली. त्यात सत्तेतल्या नेत्याला टोला मारणारा शब्द होता. मार्व्हलला अराजकीय राहायचंय, तेव्हा तो काढा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी लेखच मागे घेऊन वर्तमानपत्रात छापला. विषय होता हिटलरला ठोसा मारणाऱ्यांचा काळ! अशा ठिकाणी काम करत असाल तर रूपक वापरा, पण वाचकाला निदान एकदा तरी सुनेच्या जागी बसवा: ज्याच्यावर त्याने प्रेम केलं तोच चूक निघू दे.

पात्र तुमचं असेल तर मी उघड वाटेच्या बाजूने आहे, पण पक्षाचं नाव न घेता. खाण, चाळ, भाडं, कायदा यांवर बोट ठेवा. एंगलहार्ट यांनी १९७४मध्ये हेच केलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं वॉटरगेट प्रकरण चालू असताना कॅप्टन अमेरिका एका गुप्त कटाचा माग काढत व्हाइट हाऊसपर्यंत पोचतो आणि सूत्रधार तिथेच स्वतःला संपवतो. त्याचं नाव येत नाही, चेहरा दिसत नाही. कोण ते सगळ्यांना कळतं. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे: कॅप्टन तो झेंड्याचा पोशाखच उतरवून ठेवतो आणि काही अंक वेगळ्या नावाने फिरतो. बाजू घेतल्याची किंमत इथे नायक मोजतो. तुमच्या गोष्टीत नायकाचं काहीच जात नसेल, तर ती भूमिका वाचकाला आधीच पटलेली आहे आणि तुम्ही फक्त टाळी मागताय.

आणि उघड वाटेने गेलात तर गर्दीतल्या फलकांवरचा मजकूरही स्वतः लिहा. २०१०मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’च्या एका अंकात मोर्चातल्या फलकांवर खऱ्या आंदोलनाच्या छायाचित्रातल्या घोषणा घाईघाईत भरल्या गेल्या. लेखकाने त्या लिहिल्याच नव्हत्या. खरे आंदोलक भडकले, प्रकाशकाला माफी मागावी लागली आणि पुढच्या छपाईत मजकूर बदलावा लागला. कथेत काय म्हटलंय याकडे मग कुणाचंच लक्ष गेलं नाही.