ॲलोवेचं बर्न्स संग्रहालय: आठ वर्षांच्या लेकीबरोबर

जानेवारी आला की स्कॉटलंडमधल्या अनेक प्राथमिक शाळांत मुलांना स्कॉट्स भाषेतली (इंग्रजीच्या जवळची, पण वेगळी) कविता पाठ करायला देतात. २५ जानेवारी हा स्कॉट्समध्ये लिहिणाऱ्या कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. माझ्या लेकीच्या वाट्याला यंदा त्याच्या 'टू अ माऊस'ची पहिली तीन कडवी आली. कागद बघून ती म्हणाली, "आई, ह्यातली सगळी स्पेलिंगं चुकलीयेत."

ते ऐकून मला चर्रर्र झालं. मी दर्यापूरकडची. पुण्यात शिकायला आले आणि 'मले', 'तुले', 'काहून' हे वऱ्हाडी शब्द सहा महिन्यांत तोंडातून घालवले. कोणी रागावलं नव्हतं, नुसते हसायचे. लेकीला काय समजावू ते सुचेना. शनिवारी ग्लासगो सेंट्रलहून एअर (Ayr) गावाची गाडी धरली आणि पुढे बसने ॲलोवेला, बर्न्सच्या जन्मगावी गेलो.

आधी बर्न्सचं घर बघा, संग्रहालय नंतर. मुलं बरोबर असतील तर हाच क्रम ठेवा. बुटकं, लांबट, पांढऱ्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं हे घर बर्न्सच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. १७५९ साली बर्न्स इथेच जन्मला आणि काही दिवसांतच वादळात भिंतीचा एक भाग कोसळला. माणसं एका टोकाला, गुरं दुसऱ्या टोकाला, छप्पर एकच. माझ्या आजोळचा गोठा असाच घराला लागून होता, त्यामुळे मी तिथे जरा जास्तच रेंगाळले. बर्न्सच्या आईला लिहिता येत नव्हतं, पण गाणी पुष्कळ यायची. आईच्या नात्यातली बेटी डेव्हिडसन भुताखेतांच्या आणि चेटकिणींच्या गोष्टी सांगायची. पोराचा कान तिथे तयार झाला.

घराच्या भिंतींवर जागोजागी स्कॉट्स शब्द लिहिलेत. लेक एकेक वाचत होती. तिथल्या एका बाईंनी तिला विचारलं, "तुला कुठली कविता आहे?" तिने 'स्लीकिट' शब्दापाशी अडखळत पहिली ओळ म्हटली. बाई खाली वाकल्या आणि मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात हवेत फिरवला. तुळतुळीत. मग डोळे बारीक करून मान तिरकी केली. लबाडसुद्धा! दोन्ही अर्थ एकाच शब्दात. "इंग्रजीत ह्याला दोन शब्द लागतात," असं त्या म्हणाल्या आणि लेकीने पुन्हा ओळ म्हटली, ह्या वेळी हात फिरवून. स्पेलिंगचा विषय तिने परत काढला नाही.

घरापासून संग्रहालयाकडे जाणारी पायवाट मला सगळ्यात आवडली. वाटेत वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या लोखंडी वातकुक्कुटांवर बर्न्सच्या 'टॅम ओ'शँटर' ह्या कवितेतले प्रसंग कोरलेत. दारू पिऊन घोडीवरून घरी निघालेला टॅम पडक्या चर्चमध्ये चेटकिणींचा नाच बघतो, न राहवून ओरडतो आणि सगळ्या त्याच्या मागे लागतात. चालता चालता गोष्ट उलगडत जाते. मध्येच उंदराचा भला मोठा पुतळा आहे. लेक त्याला मिठी मारून उभी राहिली, हलेचना. मूळ प्रसंग मात्र इथला नाही. १७८५ च्या नोव्हेंबरात मॉकलिनजवळच्या मॉसगील इथल्या शेतात नांगराने उंदराचं घरटं मोडलं आणि ऐन थंडीच्या तोंडावर बेघर झालेल्या त्या जिवाची बर्न्सने कवितेत माफी मागितली. पुढच्या वर्षी त्याचं पहिलं पुस्तक किल्मार्नॉकला छापलं, ६१२ प्रती. त्यात ही कविता आहे.

संग्रहालयात हस्तलिखितं आणि वस्तू भरपूर आहेत. मोठ्यांनी दोन तास तरी ठेवावेत. आठ वर्षांच्या मुलीचं लक्ष अर्ध्या तासात बाहेरच्या खेळायच्या जागेकडे गेलं आणि मी तिला जाऊ दिलं. जरा मोठी मुलं असतील तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. हा माणूस जमैकातल्या गुलामांच्या मळ्यावर नोकरी धरायला निघाला होता, पुस्तक गाजलं म्हणून राहिला. उंदरासाठी कळवळणारा माणूस तिकडे जायला तयार होता, हे मुलांपासून लपवू नये असं मला मनापासून वाटतं.

टॅमच्या गोष्टीतलं जुनं चर्च आणि डून नदीवरचा पूल पाहायला तिकीट नाही. बर्न्सचे वडील त्याच चर्चच्या आवारात पुरलेत. चेटकिणींना वाहतं पाणी ओलांडता येत नाही, म्हणून टॅमची घोडी मेग पुलाच्या मध्यावर पोचली की सुटणार. ती सुटते, पण शेपूट चेटकिणीच्या हातात राहतं. लेक चारदा पळत पुलाच्या मध्यापर्यंत गेली आणि दर वेळी मागे हात लावून शेपूट तपासलं. दगड ओले असतील तर मुलांचा हात धरा. घर आणि संग्रहालयाच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या.

संध्याकाळी तिने माझ्या आईला फोनवर तिन्ही कडवी ऐकवली, हात फिरवून. मी अर्थ सांगितला, बऱ्याच वर्षांनी वऱ्हाडीत. आई जराशी थांबली आणि नातीला म्हणाली, "तुह्या आजोबानं एकदा वखर उचलून घेतला होता, टिटवीचे अंडे होते म्हून. तेवढा तुकडा तसाच ठेवला, बापा."

लेकीने मला विचारलं, "वखर म्हणजे?" मी कागदावर काढून दाखवला.