कोणाच्या गाडीवर लागावे? सोलापूरच्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांचे नव्या चालकासाठी परीक्षण

पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि धुळ्याकडून तुळजापूरमार्गे विजापूरकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हे दोन्ही सोलापुरात एकत्र येतात. बाजार समितीतला कांदा, जिल्ह्यातल्या कारखान्यांची साखर, होटगीचे सिमेंट, चादरी-टॉवेलांच्या गाठी आणि पाकणीच्या डेपोतले इंधन हे सगळे याच रस्त्यांवरून बाहेर पडते. त्यामुळे जड वाहनाचा परवाना हातात पडलेल्या तरुणाला येथे काम मिळण्याची चिंता फारशी नसते. ते कोणाकडे करावे, याचा विचार मात्र बहुतेक जण मित्राच्या सांगण्यावरून आणि ट्रिपमागे मिळणाऱ्या आकड्यावरून उरकतात. मी आधी काही वर्षे गाडी चालवली आणि पुढे एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चालकांचे हिशेब लिहिले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यामुळे माझे मत असे झाले आहे की नव्या चालकाने कंपनी पारखताना ट्रिपचा आकडा सर्वांत शेवटी विचारावा आणि ट्रिपचा हिशेब कसा मिटवला जातो, हे सर्वांत आधी पाहावे. कंपन्यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण एकाच कंपनीच्या दोन शाखांत मॅनेजर बदलला की चालकाचे दिवस बदलतात.

हिशेबातली पहिली गोष्ट डिझेलचा एव्हरेज. बऱ्याच कंपन्या गाडीचा एव्हरेज ठरवून देतात आणि त्यापेक्षा जास्त लागलेले डिझेल चालकाच्या नावावर टाकतात. समजा, सोलापूर ते हैदराबाद जाऊन-येऊन सुमारे सहाशे किलोमीटर होतात. कंपनीने लिटरला साडेचार किलोमीटरचा एव्हरेज धरला असेल, तर १३३ लिटर डिझेल मंजूर होते. भरलेली दहाचाकी गाडी प्रत्यक्षात चारचा एव्हरेज देत असेल, तर १५० लिटर लागते. हा सुमारे सतरा लिटरचा फरक लिटरला नव्वद रुपयांनी पंधराशेच्या घरात जातो आणि तो चालकाच्या भत्त्यातून वळता होतो. जुन्या चालकाला गाडीची नस ठाऊक असते, तो कसाबसा निभावून नेतो. नवा चालक चढावर चुकीच्या गिअरमध्ये गाडी ओढतो आणि महिनाअखेरीस उलट कंपनीचाच देणेकरी ठरतो. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा एव्हरेज वेगवेगळा धरला जातो का, आणि पहिल्या काही ट्रिपांना सूट मिळते का, हे दोन प्रश्न रुजू होण्यापूर्वी विचारावेत. चांगल्या कंपनीचा मॅनेजर याचे उत्तर वही उघडून देतो. “ते नंतर बघू, तू गाडी तर घे” असे उत्तर आले, तर पुढच्या गोष्टी विचारण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट वाराई आणि हमालीची. माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे गाडीवाल्याकडून उकळण्याची पद्धत आपल्या बाजारांत जुनी आहे आणि “ज्याचा माल त्याचा हमाल” ही वाहतूकदारांची मागणीही तितकीच जुनी आहे. मालकांच्या संघटना ही मागणी जोराने मांडतात, परंतु त्यांच्यापैकी काहींच्या गाड्यांवर हाच खर्च चालकाच्या खुराकीतून, म्हणजे प्रवासातल्या जेवणखाणाच्या पैशांतून, जातो, हे मी हिशेब लिहिताना पाहिले आहे. टोल हल्ली फास्टॅगमधून थेट कापला जात असल्याने त्यावरून वाद कमी झाले. वाराई, ताडपत्री बांधण्याची मजुरी, वजनकाट्याची पावती आणि नाक्यावरचे चहापाणी या बारीक खर्चांचे वाद मात्र तसेच आहेत. हे खर्च कोणाचे, हे छापील कागदावर लिहून देणाऱ्या कंपन्या सोलापुरात थोड्या आहेत, पण आहेत.

तिसरी गोष्ट मालातली तूट. सिमेंटची गोणी फाटली, कांद्याचे वजन प्रवासात उतरले किंवा रात्री ढाब्यावर उभ्या गाडीतून डिझेल काढले गेले, तर ते कोणी भरायचे? कांदा सुकून काही प्रमाणात हलका होणारच, हे व्यापारी आणि हुंडेकरी (गाड्यांना भाडे मिळवून देणारा दलाल) दोघांनाही ठाऊक असते. तरीही एका हुंडेकऱ्याकडे अशी संपूर्ण तूट चालकावर लावली जात असे आणि त्याच्या गाडीवर एकही चालक हंगामभर टिकत नसे. तुटीची मर्यादा ठरलेली नसेल, तर त्या कंपनीला मी शून्य गुण देतो, मग तिच्या गाड्या कितीही नव्या असोत.

कामाच्या प्रकारांत मला नव्या चालकासाठी सर्वांत बरी वाटते ती पार्सलची ठरलेल्या मार्गावरची सेवा. गाडी रात्री सोलापुरात भरते आणि पहाटे पुण्याच्या गोदामात उतरते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, रस्ता चौपदरी आणि इंदापूर-भिगवणच्या बाजूने जाताना घाट लागत नाही. तोच रस्ता पुन्हा पुन्हा केल्याने गाडीवर हात बसतो, कोठे थांबणे सुरक्षित आहे ते कळते आणि घरी येण्याचा दिवस ठरलेला असतो. पैसे बाजारातल्या भाड्यापेक्षा कमी मिळतात आणि रात्रीची झोप कायमची उलटी होते, हे दोन दोष मी लपवणार नाही.

होटगीच्या सिमेंटच्या गाड्या आणि फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पातली राख वाहणारे बल्कर (बंद टाकीचे ट्रक) यांचे काम कमी अंतराचे दिसते, म्हणून नवे चालक तिकडे ओढले जातात. येथे कंपनी पारखण्याची कसोटी एकच आहे, ती म्हणजे रांगेतल्या वेळेचे काय होते. प्रकल्पाच्या गेटबाहेर दिवसदिवस नंबर लागत नाही आणि पैसे फेरीवर ठरलेले असले, तर त्या दिवसाचे मोल शून्य होते. थांबण्याचा भत्ता देणारी कंपनी मिळाली, तर हे काम पार्सलच्या बरोबरीचे आहे. तो नसेल, तर दोन पायऱ्या खाली.

हुंडेकऱ्यामार्फत मिळेल ते भाडे करणाऱ्या गाडीवर पहिल्या वर्षी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कांदा घेऊन चेन्नईला गेलेली गाडी परतीच्या भाड्याची वाट पाहत किती दिवस उभी राहील, हे मालकालाही सांगता येत नाही आणि परक्या मुलखात भाषा येत नसताना नव्या मुलाची फार ओढाताण होते. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरातल्या सोलापूरकरांना, आणि असे चालक आपल्याकडे पुष्कळ आहेत, दक्षिणेकडच्या मार्गांवर हा त्रास निम्मा होतो. उसाच्या हंगामी वाहतुकीविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. तिथे कंपनी नसते, मुकादम असतो.

पाकणीहून इंधन भरणाऱ्या टँकरचे काम शिस्तीचे आहे, परंतु धोकादायक माल वाहण्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. ती नसताना कोणी “चालवून घे” म्हणत असेल, तर ती कंपनी तेथेच बाद समजावी. याच्या उलट टोकाला, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोंच्या आतले मालवाहू वाहन चालवण्यास वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. त्यामुळे पिकअप किंवा चारशेसातसारख्या छोट्या ट्रकवर वर्षभर हात साफ करून मग मोठ्या गाडीकडे वळणे शक्य आहे आणि मला तो क्रम पसंत आहे.

कामाच्या तासांबाबत मात्र कोणत्याही प्रकारच्या कंपनीला मी पूर्ण गुण देऊ शकलो नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. सोलापुरातल्या किती ऑफिसांत हा नियम कधी पाळला गेला, हे रात्री मोहोळच्या पुढे रस्त्याकडेला उभ्या गाड्यांतल्या चालकांना विचारावे. प्रत्यक्षात उपयोगी पडणारा प्रश्न असा : लांबच्या ट्रिपला दुसरा चालक देता की फक्त क्लीनर? हैदराबादच्या पुढे जाणाऱ्या गाडीवर एकट्या नव्या चालकाला पाठवणारी कंपनी त्याच्या झोपेचा हिशेब धरत नाही.

कंपनीच्या गाड्यांची कागदपत्रे पाहण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. यार्डात उभ्या असलेल्या एमएच १३ च्या चार-पाच गाड्यांचे क्रमांक टिपून घ्यावेत आणि एमपरिवाहन ॲपवर फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या तारखा बघाव्यात. ज्याच्या निम्म्या गाड्यांचा विमा संपलेला आहे, तो अपघातानंतर चालकाच्या मागे उभा राहील ही आशा व्यर्थ आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे : पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडीचा मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचा आहे, पगारी चालकाचा नाही. म्हणून पगारी चालकासाठी काय संरक्षण घेतले आहे, हे पॉलिसीच्या प्रतीवर बोट ठेवून विचारावे. वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कंपनीला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. तरीही चालकांना कागदोपत्री न दाखवणारे मालक भेटतात.

अधिक वजनाबद्दल मालक हसून म्हणतात, “पावती आम्ही भरू.” कायद्यानुसार जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्यालाही लागू होतो. शिवाय पैसे मालकाने भरले, तरी उतारावर ब्रेक न लागण्याची जोखीम चालकाचीच राहते. भरल्यानंतर काट्याची पावती चालकाच्या हातात देणारी कंपनी मी वरच्या रांगेत ठेवतो.

मूळ परवाना ऑफिसात जमा करून घेण्याची आणि मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची पद्धत अजून संपलेली नाही. डिजिलॉकर आणि एमपरिवाहनमधला परवाना वैध असल्याने मूळ कार्ड देण्याची गरज उरत नाही. झेरॉक्स द्यावी आणि विषय संपवावा. उचल मात्र घरच्या अडचणीपायी घेतली जाते, तिथे उपदेशाचा उपयोग नाही. घ्यावीच लागली तर एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त घेऊ नये आणि ती किती हप्त्यांत वळती होणार, ते लिहून घ्यावे.

सोलापूरचा मे महिना ठाऊक असणाऱ्याला केबिनच्या एसीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे, पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे धावतील आणि नवी गाडी नेहमी जुन्या चालकाकडेच जाते. एसी असूनही डिझेल वाचवण्यासाठी तो बंद ठेवायला सांगणाऱ्या मालकाचा किस्सा मला एका चालकाने सांगितला होता. त्या मालकाचा एव्हरेज एसी बंद धरूनच ठरलेला होता.

एकाच मालकाच्या दोन-तीन गाड्यांवर काम करण्याला मी सरसकट चांगले किंवा वाईट म्हणणार नाही. मालक स्वतः कधीकाळी चालक असेल, तर “अण्णा, क्लच घसरतोय” एवढे सांगितले की तो पुढच्या गॅरेजला फोन करून ठेवतो आणि पहिल्या अपघातात शिव्या घालत का होईना, रात्री तेथे पोहोचतो. तोच मालक हप्ते थकल्यावर दोन-दोन महिने पगार लांबवतो. अशा ठिकाणी लागण्यापूर्वी त्याच्या आधीच्या चालकाला शोधून काढावे आणि काम सोडल्यानंतर शेवटच्या महिन्याचे पैसे किती दिवसांत मिळाले, एवढेच विचारावे.