जुन्या ओम्नीचं पुढचं सस्पेन्शन घरीच बदललं: एक उन्हाळा, एक पावसाळा उलटल्यावर

मारुतीच्या ओम्नी व्हॅनमध्ये ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो, त्यामुळे पुढचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) गेले की आधी कंबर बोलते. नागपुरात सिमेंट रोडवरून गल्लीतल्या गट्टूंवर उतरलं की आमच्या गाडीखालून ‘खट्’ यायचं. मेकॅनिक म्हणे, "भाऊ, शॉकअप गेले." शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) तेल गळून ओले होतेच, पण आवाज त्यांचा नव्हता.

हे घरी तपासता येतं. चाक उचलून वर-खाली धरून हलवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबूनही चाक डुललं तर दोष बेअरिंगचा नाही, बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) पाहा. डावी-उजवीकडे डुललं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक. आमचे दोन्हीकडचे बॉल जॉइंट संपले होते आणि लोअर आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशचं रबर फाटलं होतं. नुसते बुश दाबून बसवायला प्रेस लागतो, म्हणून बॉल जॉइंटसकट आख्खे आर्मच घेतले. खर्च वाढला, पण परत घेईन तर तेच.

काम थंडीत काढलं. मे महिन्यात अंगणात गाडीखाली झोपायची माझी तरी तयारी नाही. ओम्नीत इंजिनचा जोर मागच्या चाकांवर, त्यामुळे पुढे अ‍ॅक्सलची भानगड नाही. जॅकच्या भरवशावर मात्र राहू नका, घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावाच. शॉकअपवरची स्प्रिंग मी मेकॅनिककडूनच उतरवून घेतली. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बरेच गॅरेजवाले घाईत हे करत नाहीत. त्यानंतर लगेच चाकांची अलाइनमेंट करून घेतली.

आर्म अजून टणक आहेत, टायरची आतली कड खाणं थांबलंय आणि उमरेड रोडवर स्टिअरिंग सरळ राहतं. स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) स्वस्त लोकल बुश मात्र उन्हाळ्यातच चिरले. तिथे पैसे वाचवू नका. पुढचं गप्प झाल्यावर मागच्या पाट्यांची (पट्ट्यांच्या स्प्रिंगची) करकर ऐकू यायला लागलीय. त्यांचे बुश आणून ठेवलेत, येत्या थंडीत लावीन.