1989 चा गेम बॉय रोज वापरताना

गेल्या पावसाळ्यात जुना राखाडी गेम बॉय, म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेतला. तेव्हापासून तो जवळजवळ रोज हातात असतो, त्यामुळे आता खात्रीनं लिहिता येईल.

आधी पडदा. या यंत्राचं बरंवाईट सगळं तिथूनच सुरू होतं. 160 बाय 144 ठिपके, हिरवट-पिवळ्या रंगाच्या चार छटा, मागून दिवा नाही. रात्री ट्यूबलाइटखाली बसूनही यंत्र तिरकं धरून उजेड पकडावा लागतो. डावीकडचं कॉन्ट्रास्टचं चाक सारखं फिरवावं लागतं. चित्र वेगानं सरकलं की मागे धूसर माग राहतो. रात्री अंथरुणात खेळणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

भर दुपारी एसटीच्या खिडकीशी बसून मात्र खेळून बघा. मोबाइलचा पडदा जिथे दिसेनासा होतो, तिथे याचे ठिपके ठसठशीत उठून दिसतात. आणि पेन्सिल सेल! चार सेलवर साधारण 15 तास चालतो. मी रिचार्जेबल सेल घालतो, तेही छान चालतात. लाल दिवा मंदावू लागला की सेल बदलायचे.

हे सगळं ठरवून केलेलं होतं. हे यंत्र घडवणाऱ्या निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांची कामाची पद्धतच तशी होती: नव्या चकचकीत तंत्रामागे धावायचं नाही, मुरलेलं, स्वस्त झालेलं, सगळे गुणदोष माहीत असलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला कल्पक वळण द्यायचं. 1980 सालचे त्यांचे गेम अँड वॉच हे खिशातले खेळ असेच कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून जन्मले. डाव्या अंगठ्याखालची अधिक चिन्हासारखी कळही त्यांचीच, 1982 सालच्या डाँकी काँगच्या खेळण्यातली. इतक्या वर्षांनंतरही तिच्यावर अंगठा नेमका बसतो.

प्रतिस्पर्धी काही कमी नव्हते. अटारीचा लिंक्स त्याच 1989 साली रंगीत, उजळ पडदा घेऊन आला, पुढच्या वर्षी जपानात सेगाचा गेम गिअर. दोघांना सहा-सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. मुलाच्या हातात खेळणं देणाऱ्या आईवडिलांना दर आठवड्याचा सेलचा खर्च परवडणार होता का? गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ गेम बॉय कलर मिळून 11 कोटी 86 लाखांहून जास्त विकले गेले. मला यात नशिबाचा भाग फार दिसत नाही.

अडचणीतून काय काय निघालं हे खेळताना जाणवतं, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच होतो. 1991 च्या मेट्रॉइड 2 या खेळामध्ये नायिकेचं नवं चिलखत रंगानं वेगळं दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला मोठे गोल खांदे दिले. पुढे रंगीत यंत्रं आली, तरी ते खांदे टिकले. टेट्रिसला, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचण्याच्या खेळाला, तर चार छटाही पुष्कळ होतात. टेट्रिसचे हक्क मिळवण्यामागे लागलेले व्यावसायिक हेंक रॉजर्स यांनी निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना, मिनोरू अराकावांना पटवलं, की यंत्राबरोबर मारिओऐवजी टेट्रिस द्या, म्हणजे लहान-थोर सगळेच खेळतील. आमच्याकडे जेवणानंतर आई एक डाव मांडते, मग यंत्र माझ्या हाती लवकर येत नाही. तिला कुणी नियम समजावून सांगितले नव्हते.

घ्यायचा असेल तर दुकानातच सेल घालून पाहा. पडद्यावर उभ्या रेषा कोऱ्या राहिल्या असतील तर पडद्याच्या पट्टीचा जोड सुटलेला असतो. तो सोल्डरिंगच्या गनची सवय असलेल्या माणसाकडून बऱ्याचदा दुरुस्त होतो. सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवा गंज आहे का तेही बघा. खेळाच्या कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, तोंडातल्या दमटपणानं पट्ट्या खराब होतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. झेल्डा, पोकेमॉनसारख्या खेळ साठवणाऱ्या कॅसेटींत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की साठवलेला खेळ पुसला जातो, तेव्हा बदललेला आहे का हे विकणाऱ्याला आधी विचारा.