कोकमाच्या नावाने विकलेला अर्क आणि माझी कावीळ

कुडाळ तालुक्यातील आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासून कोकमाचे आगळ (मीठ घातलेला रस) आणि आमसुले करून विकली जातात. रातांबे (कोकमाची फळे) फोडायचे, साल वेगळी करायची, मीठ घातलेल्या रसात ती बुडवून वाळवायची आणि मनासारखा काळा रंग चढेपर्यंत पुन्हा पुन्हा पुटे द्यायची, हे काम मी गेली २६ वर्षे करीत आले आहे. गेल्या वर्षी वैशाखात एका माणसाने ‘कोकमाचा शुद्ध अर्क’ म्हणून जे माझ्या हाती दिले, त्यावर माझा विश्वास इतक्या चटकन बसला तो यामुळेच. रोज हाताळत असलेल्या फळापासून अपाय होईल, अशी शंकाच मनाला शिवली नाही.

त्याआधी दोन महिने पोटाची सोनोग्राफी झाली होती. माझे वजन तेव्हा ८१ किलो होते. अहवालात ग्रेड २ फॅटी लिव्हर असे लिहिले होते आणि रक्तातील एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारे एन्झाइम, ६२ निघाले होते. कुडाळच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले की यकृतात ५ टक्क्यांहून अधिक चरबी साठली की त्याला हे नाव देतात, लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो फार आढळतो, आणि वजन ७ ते १० टक्के उतरले तर यकृताची सूजही उतरू शकते. त्यांनी गोळी लिहून दिली नाही. रोज चाला, साखर आणि तळलेले बंद करा, भात अर्धा करा, एवढेच सांगितले. सल्ला योग्य होता, हे आज मला पूर्ण पटले आहे; मात्र त्या दिवशी मी रिकाम्या हातांनी परतल्यासारखी घरी आले. आजाराला नाव मिळाले होते आणि औषध मिळाले नव्हते. ही मधली जागा विक्रेत्यांना अचूक ठाऊक असते.

शिबिर देवळाच्या सभामंडपात होते. ‘मोफत लिव्हर तपासणी’ असा हिरवा फलक बाहेर लावला होता. संगणकाला जोडलेली धातूची एक कांडी मुठीत धरायला दिली, आणि मिनिटभरात यकृत, मूत्रपिंड, सांधे, रक्ताभिसरण अशा सगळ्यांचा अनेक पानी रंगीत अहवाल छापून हाती आला. यकृताच्या पुढे लाल पट्टी होती. मी माझ्या आजाराविषयी तोवर अवाक्षर काढले नव्हते, म्हणून मला ते यंत्र खरे वाटले. शेजारणीचा अहवाल मी नंतर मागून पाहिला, तर तिच्याही यकृतापुढे तशीच लाल पट्टी होती, आणि तिची सोनोग्राफी पूर्णपणे सामान्य आहे. मुठीत कांडी धरून यकृतातील चरबी मोजता येत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन (यकृतातील चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी) करावे लागते आणि रक्त तपासावे लागते.

“ताई, तुमच्या दारात औषध आहे आणि तुम्ही ते मुंबईला पाठवता,” असे शिबिरातला विक्रेता म्हणाला. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते आणि ते शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अडवते, हे त्याने कागदावर आकृती काढून दाखवले. यातील पहिला भाग खरा आहे, आणि दुसराही प्रयोगशाळेत दिसलेला आहे. त्याने जे सांगितले नाही ते मला पुढे माझ्या भाच्याने, जो फार्मसी शिकतो, वाचून दाखवले. कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेतून काढलेले हे आम्ल अमेरिकेत १३५ लठ्ठ व्यक्तींच्या चाचणीत १२ आठवडे वापरून पाहिले होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचे वजन काही अधिक उतरले नव्हते. त्याच चिंचेचा अर्क असलेल्या उत्पादनांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

बाटलीवर कोकमाखाली ग्रीन टी, गुळवेल, कुटकी आणि भुईआवळा अशी नावे होती. कुटकी आणि भुईआवळा आपल्याकडे यकृतासाठीच वापरतात, त्यामुळे ती यादी वाचून माझा धीर वाढला. पण ग्रीन टीचा कप आणि ग्रीन टीचा अर्क यांत मोठे अंतर आहे. त्या अर्कातील ईजीसीजी हा घटक पूरक आहारातून दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतला तर यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी करोनाच्या काळात नोंदवले आहेत. माझ्या बाटलीवर कोणत्याच घटकाचे प्रमाण लिहिलेले नव्हते. तीन महिन्यांच्या कोर्ससाठी मी १४,४०० रुपये एका व्यक्तीच्या खात्यावर फोनवरून पाठवले. पावती मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नाही.

पाचव्या आठवड्यात माझे जेवणावरचे मन उडाले, सकाळी मळमळ होऊ लागली आणि रात्री अंगाला खाज सुटू लागली. मी त्याला फोन केला. त्याचे उत्तर मी जसेच्या तसे लिहिते, कारण पैसे बुडाल्यापेक्षा या उत्तराने माझे अधिक नुकसान केले: “ताई, त्रास होतोय म्हणजे औषध लागू पडतंय. यकृतातलं विष बाहेर निघतंय. आता सोडलंत तर सगळं वाया जाईल, दोनऐवजी तीन घ्या.” मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोनऐवजी तीन-तीन कॅप्सूल घेऊ लागले. ज्या लक्षणांमुळे मी थांबायला हवे होते, त्यांचाच अर्थ त्याने उलटा लावून दिला, आणि मी आणखी सोळा दिवस घेत राहिले.

आषाढात पाऊस उघडला होता तेव्हा पडवीत उजेडाला बसले असताना जाऊबाई जवळ येऊन म्हणाल्या, “अगो, तुझे डोळे पिवळे दिसतत.” पावसाळ्यातली कावीळ म्हणून घरचे मला गावठी औषध देणाऱ्याकडे नेणार होते. तेथे गेले असते तर आणखी एक अनोळखी पाला पोटात गेला असता. भाच्याने हट्ट धरला आणि आम्ही रक्त तपासले: बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) ६.८, एसजीपीटी ८७०. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई या चारही चाचण्या नकारात्मक आल्या. डॉक्टरांनी विचारले, “कुठलं औषध चालू आहे?” मी सांगितले, “काही नाही.” मी खोटे बोलले नव्हते; कोकम हे औषध असते असे माझ्या मनातच नव्हते. त्यांनी पुन्हा विचारले, “काढा, चूर्ण, पावडर, कॅप्सूल, कोणी दिलेलं काहीही?” तेव्हा मी पिशवीतून बाटली काढली. उपचार म्हणून त्यांनी सर्वप्रथम ती बाटली बंद केली. पाच आठवड्यांनी एसजीपीटी ९६ वर आले आणि तीन महिन्यांनी ४१ वर.

बाटली नंतर मी नीट न्याहाळली. पावसाळी हवेने चिकटपट्टी सुटून लेबलाचा कोपरा वर आला होता आणि त्याखाली दुसरे लेबल होते, ज्यावर मुदत संपल्याची तारीख आदल्या वर्षीची होती. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि बॅच क्रमांक असावा लागतो. येथे दोन्ही नव्हते. त्याऐवजी अन्नपदार्थाचा १४ अंकी परवाना क्रमांक होता, आणि तो संकेतस्थळावर टाकून पाहिला तर फरसाण करणाऱ्याचा निघाला. एक कॅप्सूल उघडून मी भुकटी पाण्यात घातली. पाणी लाल झाले नाही, चिमूटभर खायचा सोडा घातल्यावरही रंग बदलला नाही, आणि जिभेला आंबटपणा लागला नाही, केवळ कडू लागले. शुद्ध केलेल्या अर्काचा रंग जातो, हे मला भाच्याने सांगितले, त्यामुळे एवढ्यावरून आत कोकम नव्हतेच असे मी म्हणणार नाही. आत काय होते हे प्रयोगशाळाच सांगू शकेल.

विक्रेत्याचा क्रमांक तोवर बंद झाला होता. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, आणि न उघडलेली एक बाटली दोन्ही लेबलांच्या छायाचित्रांसह अन्न व औषध प्रशासनाकडे दिली. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे, हे मला तेथे समजले. ‘१५ दिवसांत चरबी गायब’ असे छापलेले ते पत्रक मी फेकले नव्हते. तेही तक्रारीला जोडले.

आमसुलाचे सार आणि सोलकढी आमच्या घरी आजही होते, डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितले नाही. आगळात मीठ फार असते म्हणून मी ते बेताने घेते. सकाळी पाणंदीने ४० मिनिटे चालते. वजन ७४.५ वर आले आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गावात तसाच हिरवा फलक लागल्याचे कळले, तेव्हा दुपारचे काम टाकून मी तेथील ग्रामपंचायतीत गेले आणि माझे आषाढातले आणि आश्विनातले दोन्ही रक्ताचे रिपोर्ट सरपंचबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि सभागृहाची परवानगी त्याच दिवशी रद्द केली.