पान ३७ ने वाचवलं: इंजिनिअरिंग नोटबुक, सहा महिने वापरून

फायनल इयरच्या डिझाइन प्रोजेक्टसाठी हार्ड कव्हरवाली इंजिनिअरिंग नोटबुक घेतली होती, शिवलेलं बाइंडिंग, पानांवर नंबर छापलेले, ५ मिमीच्या चौकटी, आणि प्रत्येक पानाखाली तारीख, लिहिणाऱ्याची सही आणि साक्षीदाराची सही असे रकाने. पहिल्यांदा वाटलं नुसता शो आहे, फाइल आणि सुटे कागद असताना हे कशाला.

मग मोटरचा घोळ झाला. प्रोजेक्टच्या गाडीला १२ व्होल्टची मोटर आणि एल२९८एन ड्रायव्हर (बॅटरीची वीज मोटरला देणारी चिप), लोड आला की गाडी रखडायची, आणि आम्ही दोन दिवस बॅटरीला शिव्या घालतोय. शेवटी मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १२.१ आणि मोटरच्या टोकांवर कसेबसे १०, म्हणजे २ व्होल्ट ड्रायव्हरच गिळत होता (आत बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत, गिळणारच). ती रीडिंग्ज, सर्किटचं वेडंवाकडं चित्र आणि एका रेघेने खोडलेलं ‘बॅटरी बदलणे’, सगळं पान ३७ वर आहे. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं, ड्रायव्हर का बदलला? रिपोर्टमध्ये आम्ही फक्त ‘मॉस्फेट ड्रायव्हर वापरला’ (वेगळ्या ट्रान्झिस्टरचा, कमी व्होल्ट गिळणारा) एवढंच टाकलेलं, कारण रिपोर्ट लिहायला बसलो तोवर बाकीचं चौघेही विसरलो होतो. मी वही उघडून पुढे केली. सुटा कागद असता तर तो मी तेव्हाच फाडून फेकला असता, अक्षर इतकं घाण आहे.

आता तक्रारी. कागद पातळ आहे, जेल पेन मागे उमटतं, बॉलपेनच वापरा. चौकटींच्या रेघा इतक्या गडद की फोनने स्कॅन केल्यावर बारीक डायमेन्शन्स त्यात हरवतात. अनुक्रमणिकेला दोनच पानं दिलीत, ती माझी अर्ध्या वहीतच भरली. साक्षीदाराचा रकाना जुन्या पेटंट पद्धतीतून आलाय, अमेरिकेत १६ मार्च २०१३ पर्यंत आधी शोध कुणी लावला ते बघायचे, आता आधी अर्ज कुणी केला ते बघतात, त्यामुळे आमच्याकडे तिथे गाइडची सही घेतली आणि काम भागलं.

कॅडसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगसाठी, मात्र वहीचा उपयोग मर्यादितच, प्रिंट चिकटवत बसू नका, फाइलचं नाव, रिव्हिजन नंबर आणि काय बदललं, का बदललं एवढं दोन ओळीत लिहा. आणि चौघांत एकच वही असेल तर ती लॅबमध्येच ठेवा, आमची एकाच्या घरी राहायची आणि बाकीच्यांची रीडिंग्ज चॅटमध्ये ‘मोजलंय, नंतर टाकतो’ म्हणून अडकलेली, त्यातली निम्मी अजून आलेली नाहीत.

५ पैकी ४. बाइंडिंग सहा महिन्यांत जराही ढिलं झालं नाही, आणि पान ६१ वर सोल्डरिंग आयर्नने भोक पडलंय, त्याच्या बाजूलाही तारीख आणि सही आहे.