नव्या पोरांना शिकवायला छापील मॅन्युअल की पीडीएफ?

आयटीआयची दोन पोरं गॅरेजात घेतलीत आणि त्यांना सर्व्हिस मॅन्युअल (गाडी दुरुस्तीचं कंपनीचं पुस्तक) कशावर शिकवावं, असा एका मित्राचा प्रश्न आहे. विक्रेते काय सांगतात ते सोडून देऊ.

खर्च: पीडीएफ स्वस्त, वाद नाही. छापील प्रत महाग, शिवाय मॉडेल बदललं की नवी.

टिकाऊपणा: ऑइलच्या हातांनी कागद खराब होतो, पण तरी वाचता येतो. त्याच हातांनी मोबाईल धड चालत नाही.

शोधायचा वेग: खरी गंमत इथे. बीएस-६ गाडीवर पी०१२२ हा बिघाडाचा कोड आला, तर पीडीएफमध्ये टाका, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं पान लगेच समोर. (स्कॅन केलेली प्रत असेल तर सर्च बहुतेक वेळा चालत नाही, आधी तपासा.) पण पोरगं ‘टॅपेट’ शोधत बसतं आणि मॅन्युअलमध्ये त्याच कामाला नाव असतं ‘व्हॉल्व्ह क्लिअरन्स’. ‘टॉर्क’ (बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप) टाकलं तर निकालांचा ढीग. कागदावर अनुक्रमणिका चाळताना कोणती माहिती कुठल्या प्रकरणात असते, हे आपोआप डोक्यात बसतं. वायरिंग डायग्रामही मोठ्या पानावरच नीट कळतो; मोबाईलवर वायर पकडून सरकवता सरकवता रंग हुकतो.

शिकाऊ पोरांना पहिले काही महिने एकाच मॉडेलचं छापील मॅन्युअल द्या, रोज चार प्रश्न घड्याळ लावून शोधायला लावा. अनेक कंपन्यांच्या गाड्या येणाऱ्या गॅरेजात, हात बसलेल्या मेकॅनिकला पीडीएफच बरं, तेही टॅबवर.